टाच मोडली तर पहिला आठवडा हातचा घालवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेंटरिंगवरून पडून, परांची कोसळून, झाडावरून घसरून माणूस जखमी झाल्याच्या बातम्या आपल्या पानांवर वरचेवर येतात. पायाला मार लागला, उपचार सुरू आहेत, इथे बातमी संपते. मी शहराच्या पूर्व भागात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. हीच माणसं तीन-चार महिन्यांनी वॉकर नाहीतर काठी टेकत माझ्या पायरीशी येतात, तेव्हा बातमीच्या पुढचं मला दिसतं. त्यातल्या टाच मोडलेल्या माणसांसाठी हे पत्र लिहिते आहे. टाचेच्या हाडाचं ऑपरेशन आता तीन-चार सेंटिमीटरच्या छोट्या छेदातून होऊ शकतं. जखम चिघळण्याची भीती त्यात पूर्वीच्या मोठ्या ऑपरेशनपेक्षा बरीच कमी असते. पण त्यासाठी पेशंट पडल्यापासून पहिल्या आठवड्यात, फार तर दुसऱ्या आठवड्यात, हे काम करणाऱ्या सर्जनसमोर असावा लागतो. आपल्याकडे नेमके हेच दिवस पट्टी, लेप, मालीश आणि 'बघू, उतरेल सूज' यात निघून जातात.

टाच मोडते ती मुख्यतः उंचावरून पायांवर पडल्यामुळे. सगळ्या फ्रॅक्चरमध्ये या हाडाचा वाटा शंभरात दोनच्या आसपास धरतात, म्हणून खुबा-गुडघ्याइतकं त्याच्याबद्दल बोललं जात नाही. पण ज्याची मोडते तो बहुतेक वेळा ऐन कमावत्या वयाचा पुरुष असतो. जुळे सोलापूर, होटगी रोड, कुंभारी या बाजूंना सतत बांधकामं चालू आहेत, तिथले सेंटरिंगवाले आणि रंगारी माझ्याकडे येतात. यंत्रमागाच्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बदलायला चढलेला माणूस पत्रा फुटून सरळ खाली येतो. माघ-फाल्गुनात चिंचा झोडायला चढणारे येतात, विहिरीत मोटार काढायला उतरणारे येतात. आणि बायकाही येतात. आपल्या शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी. ते आलं की गच्चीवरची टाकी भरली का बघायला लोखंडी शिडीवर घाईघाईने चढणारी बाईच असते. विडी वळणाऱ्या एका मावशींची टाच अशीच मोडली, ओल्या शिडीवरून.

या हाडाचं बाहेरचं कवच पातळ असतं आणि आत नुसती जाळी. माणूस टाचेवर आपटला की घोट्यातलं वरचं हाड पाचरीसारखं खाली घुसतं आणि टाचेच्या हाडाचा वरचा सांधा आत दाबतं. बाहेरची भिंत फुगते. टाच बुटकी होते, रुंद होते, बऱ्याचदा आतल्या बाजूला कलते. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरेन्झ बोलर यांनी १९३१ मध्ये एक्स-रेवर या हाडाचा कोन मोजायची रीत सांगितली, ती आजही वापरतात. चांगल्या टाचेत तो कोन साधारण २० ते ४० अंश असतो. हाड दबलं की तो उतरत जातो, कधी शून्यावर येतो, कधी त्याच्याही खाली. माझ्याकडे उशिरा येणाऱ्या पेशंटच्या फिल्मवर मी पहिल्यांदा हा कोन बघते, कारण पुढे चालताना काय त्रास होणार याचा अंदाज तिथेच येतो.

दबलेला तो सांधा पाय वर-खाली हलवत नाही, ते काम घोट्याचं. हा सांधा पाऊल आत-बाहेर कलतं करतो. सपाट फरशीवर त्याची किंमत कळत नाही. नांगरटीत, खडीवर, उतारावर, शिडीच्या गोल पाइपवर कळते. म्हणजे ज्यांचं पोट त्या जागांवर चालतं त्यांचाच हा सांधा जातो. तो वाकडातिकडा जुळला की झिजतो, आणि पुढे दुखणं असह्य झालं तर दोन हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकायचं ऑपरेशन उरतं. त्याने दुखणं थांबतं, पण पावलाचं ते कलणंही थांबतं.

विजापूर रोडकडच्या एका रंगाऱ्याचं सांगते. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला हात मारताना पायाखालची फळी सरकली आणि तो दोन्ही पायांवर आला. उजवी टाच मोडली. ज्या दवाखान्यात मुकादमाने त्याला नेलं तिथे एक्स-रे काढला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि महिनाभराने या म्हणून घरी पाठवलं. सीटी स्कॅन नाही, दुसऱ्या सर्जनचं मत घ्या असंही कुणी म्हटलं नाही. पाच-सहा दिवसांनी प्लास्टरमध्ये पाय इतका ठणकायला लागला की घरच्यांनीच ते कापून काढलं आणि कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या एका गावात पट्टी बांधायला नेलं. तिथे मोडलेल्या टाचेवर गरम तेलाने चोळलं. नंतर पुन्हा पट्टी, पुन्हा लेप. माझ्याकडे आला तेव्हा दिवाळी जाऊन संक्रांत आली होती. मी त्याला पालथं झोपवलं, दोन्ही टाचा शेजारी-शेजारी धरल्या. उजवी डावीच्या दीडपट रुंद दिसत होती. बाहेरच्या घोट्याखाली बोट जाईल एवढीही जागा उरली नव्हती. तिथून जाणाऱ्या दोन शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, फुगलेल्या हाडात आणि घोट्यात चेपल्या जात होत्या. चपलेचा पट्टा त्याने ब्लेडने कापून मोठा करून घेतला होता. मला म्हणाला, "मॅडम, दुखनं ऱ्हाऊ द्या, सोसतो मी. पर शिडीवर पाय ठरंना झालाय." रंगाऱ्याचा पाय शिडीवर ठरत नसेल तर त्याने काय करायचं? तो आता एका अपार्टमेंटला रात्रपाळीचा वॉचमन आहे, पगार आधीच्या निम्मा. मी त्याला व्यायाम दिले, बुटात टाचेखाली मऊ पॅड दिलं, दुखणं थोडं उतरलं. हाडाचा आकार व्यायामाने बदलत नाही.

त्याची फिल्म मी नंतर ओळखीच्या एका हाडांच्या सर्जनना दाखवली. पहिल्या आठवड्यात आला असता तर छोट्या छेदातून सांधा उचलता आला असता, असं ते म्हणाले. त्या एका वाक्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले.

मोठं ऑपरेशन कसं असायचं आणि लोक त्याला का घाबरायचे, हेही सांगायला हवं, कारण ती भीती खोटी नव्हती. टाचेच्या बाहेरच्या बाजूला मोठा काटकोनी छेद घ्यायचा, कातडी हाडापासून सोलून वर उचलायची, सगळं हाड उघडं करून तुकडे बसवायचे आणि प्लेट लावायची. हाड नीट दिसतं, म्हणून ही पद्धत वर्षानुवर्षं चालली आणि काही फ्रॅक्चरना आजही लागते. अडचण कातडीची आहे. टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नाहीच. त्यात पडल्यामुळे आलेली सूज, पाण्याने भरलेले फोड. छेदाचा जो कोपरा असतो तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कोपरा काळा पडतो. मग महिनोन् महिने ड्रेसिंग, कधी प्लेटपर्यंत पू, कधी प्लेट काढायची वेळ. अशा जखमा मी उघड्या पाहिल्या आहेत. म्हणूनच या ऑपरेशनसाठी सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडे थांबावं लागतं.

छोट्या छेदाच्या पद्धतीला सर्जन सायनस टार्सी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवला तर विचारायला सोपं जाईल. बाहेरच्या घोट्याच्या टोकाखालून करंगळीच्या अलीकडच्या बोटाच्या दिशेने एक सरळ, छोटा छेद. त्या खिडकीतून नेमका दबलेला सांधा दिसतो. टाचेत मागून एक जाड पिन घालून हाड खाली आणि मागे ओढतात, म्हणजे गेलेली उंची परत येते आणि कललेली टाच सरळ होते. मग खिडकीतून चपट्या हत्याराने दबलेला तुकडा हलकेच वर उचलतात, बारीक तारांनी तात्पुरता धरतात आणि सीआर्म मशीनवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच हाड दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्रावर, वेगवेगळ्या कोनांतून बघत मागून स्क्रू घालतात. गरज पडली तर त्याच छेदातून एक छोटी प्लेट शिरांच्या खालून सरकवतात. काही फ्रॅक्चरमध्ये तर छेदही लागत नाही, कातडीवरच्या बारीक भोकांतून स्क्रू बसतात. पेशंट मला विचारतात, "दुर्बिणीचं ऑपरेशन का?" बहुतेक वेळा त्यात दुर्बीण नसते. सर्जनचा हात आणि सीआर्मची फिल्म यांवर सगळं चालतं, म्हणून हे काम नेहमी करणारा सर्जन शोधणं महत्त्वाचं.

अशा रीतीने ऑपरेशन झालेला सेंटरिंगचा एक पोरगा सध्या माझ्याकडे येतो. अक्कलकोट तालुक्यातला, वय पंचविशीच्या आत. स्लॅबवरून पडला त्याच संध्याकाळी ठेकेदाराने स्वतःच्या गाडीत घालून त्याला शहरात आणलं. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन, पाय उशांवर उंच, आणि आठवडा उलटायच्या आत ऑपरेशन. टाके काढल्यावर तो पहिल्यांदा आला तेव्हा मी व्रण बघितला. माझ्या करंगळीपेक्षा छोटा, कोरडा, कडा जुळलेल्या. घोट्याखालची खोबण बोटाला लागत होती. दोन्ही टाचा मागून जवळजवळ सारख्या. पाऊल आत-बाहेर किती कलतं ते मी मोजलं. दुसऱ्या पायाइतकं नाही, पण रंगाऱ्याच्या टाचेत जिथे जवळजवळ काहीच हलत नव्हतं तिथे इथे सांधा हातात जाणवत होता. तो पुन्हा स्लॅबवर चढेल की नाही हे मी आज छातीठोक सांगणार नाही. चपलेत पाय जातो आणि शेतातून चालता येतं, एवढं आत्ताच दिसतं आहे.

आता वेळेचं. छोट्या छेदातून काम करताना तुकडे अजून सुटे असावे लागतात. हाड दिवसागणिक चिकटत जातं. दोन-तीन आठवडे गेले की त्या छोट्या खिडकीतून ते मोकळे करून जागेवर आणणं फार अवघड होतं, आणि मग मोठा छेद किंवा काहीच नाही, एवढेच पर्याय उरतात. मोठ्या छेदासाठी सूज उतरायची वाट पाहावी लागते. छोट्या छेदात कातडी कमी दुखावते, म्हणून थोडी सूज असतानाही सर्जन लवकर हात घालू शकतात. 'सूज उतरू द्या, मग बघू' हा सल्ला शेजारीपाजारी आजही मनापासून देतात, आणि त्याच सल्ल्यात संधी जाते. सूज उतरवायची ती सर्जनच्या नजरेखाली, पाय छातीपेक्षा उंच ठेवून.

एका प्रकारात तर दिवसांचाही नाही, तासांचा प्रश्न असतो. टाचेच्या हाडाचा मागचा तुकडा पोटरीच्या जाड शिरेबरोबर वर ओढला जातो आणि टाचेच्या मागची कातडी आतून ताणतो. तिथे कातडी पांढरीफटक किंवा काळसर दिसली, ताणून चकाकत असली, तर त्याच दिवशी सर्जन गाठायला हवा. नाहीतर कातडी मरते आणि हाड उघडं पडतं. तळव्यात आणि बोटांत सहन न होणारी, औषधाने न थांबणारी कळ असेल, तरीही थांबू नये.

टाच मोडली हे ओळखायचं कसं? पाय मुरगळला असं समजून कितीतरी लोक घरी बसतात. मुरगळलेल्या पायात काळंनिळं घोट्याच्या बाजूला येतं. टाच मोडली असेल तर एक-दोन दिवसांत ते तळव्यावर, कमानीपर्यंत उतरतं. उंचावरून पडलेल्या माणसाच्या तळव्यावर असा डाग दिसला आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तो किंचाळला, तर मुरगळल्याची चर्चा थांबवावी. घोट्याच्या एक्स-रेबरोबर टाचेचा वेगळा एक्स-रे मागावा, आणि सांध्यात मोड असेल तर सीटी स्कॅन करावाच. सांध्याचे किती तुकडे झाले आणि ते कुठे सरकले, हे साध्या फिल्मवर पुरतं कळत नाही. ऑपरेशन करायचं की नाही, आणि कुठल्या छेदातून, हे त्यावर ठरतं. आणखी एक. जी ताकद टाचेत जाते ती वर कण्यापर्यंत पोचते. अशा दहातल्या एकाच्या कमरेचा मणकाही दबलेला असतो, आणि टाचेच्या दुखण्यापुढे त्याला तो जाणवत नाही. पाठ तपासून घ्या, दुसरी टाचही.

ऑपरेशन सगळ्यांनाच हवं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. हाड सरकलेलं नसेल तर पाय उंच ठेवणं, वजन न टाकणं आणि लवकर सुरू केलेले व्यायाम यावर टाच चांगली बरी होते. ब्रिटनमध्ये २२ रुग्णालयांतल्या १५१ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात दोन वर्षांनी दुखणं आणि चालणं यांत फरक आढळला नाही, आणि गुंतागुंत ऑपरेशनवाल्यांत शंभरात २३ जणांना, तर बाकीच्यांत ४ जणांना झाली. काही डॉक्टर त्याच्या आधारे सगळ्याच टाचा प्लास्टरमध्ये ठेवतात. पण ती ऑपरेशनं मोठ्या छेदाची होती, आणि ज्यांची टाच फारच फुगून घोट्याला भिडली होती असे पेशंट त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. माझा रंगारी नेमका तसा होता. उलट ज्याच्या हाडाचा अगदी चुरा झाला आहे, त्याला छोट्या छेदातून सांधा मिळेलच असं नाही. हे सर्जनने सीटी समोर ठेवून ठरवायचं आहे. पेशंटने आणि घरच्यांनी एवढंच विचारावं: टाच किती दबली आहे, रुंद झाली आहे का, छोट्या छेदातून होईल का, आणि तुम्ही हे नेहमी करता का?

एका गोष्टीवर मात्र मी हात जोडून बोलते. विडी, सिगारेट, तंबाखू, मिस्री. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि टाचेच्या कातडीला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीकच असतात. छेद छोटा असला तरी विडी ओढणाऱ्याची जखम चिघळण्याचा धोका जास्तच. मधुमेहाचंही तसंच, साखर आटोक्यात नसेल तर सर्जन हात घालायला कचरतात, आणि ते बरोबरच आहे. ज्या मावशींचं वर सांगितलं त्यांचा पाय उशांवर, मांडीवर सूप, आणि विड्या वळणं चालूच, कारण हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालतं. त्यांना काम बंद करा म्हणायचं माझं तोंड झालं नाही. तंबाखूची धूळ ड्रेसिंगवर बसू नये म्हणून पायावर रोज धुतलेलं धोतराचं कापड टाकायला सांगितलं आणि मिस्री सोडवली. ती सुटायला त्यांच्या सुनेने जेवढं केलं तेवढं मी केलेलं नाही. रोज सकाळी डबी लपवायची आणि शिव्या खायच्या.

ऑपरेशन झालं म्हणजे सगळं झालं, हा समजही माझ्या दवाखान्यात रोज भेटतो. स्क्रू लोखंडी आहेत, मग चालायला काय हरकत? हरकत आहे. आतली जाळी भरून यायला वेळ लागतो. साधारण सहा ते बारा आठवडे, सर्जन सांगतील तोपर्यंत, त्या पायावर वजन टाकायचं नाही. पण हलवायचं मात्र लवकर. सर्जनने परवानगी दिली की घोटा वर-खाली, पाऊल आत-बाहेर, बोटं मिटणं-उघडणं. पोटरी ताणायला मी कुठलीही महागडी वस्तू सांगत नाही. घरात सोलापुरी टॉवेल असतोच, पंजाला अडकवायचा, गुडघा सरळ ठेवायचा आणि दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरायचं. पूर्व भागातल्या माझ्या निम्म्या पेशंटांनी आयुष्यभर टॉवेलच विणले आहेत. एक आजोबा टॉवेल हातात घेऊन आधी त्याचा काठ तपासतात, मग व्यायाम करतात. खोल्या वरच्या मजल्यावर असतील तर ते दोन-अडीच महिने खाली नातेवाइकाकडे राहावं. उकिडवं बसायचा संडास असेल तर भोक पाडलेली खुर्ची करून घ्यावी, कुठलाही सुतार करून देतो. रात्री अंधारात एका पायावर लंगडी घालत जाताना पडलेले पेशंट मी पाहिले आहेत.

पैशांचं बोलल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. रोजंदारीवरचा माणूस पहिल्या आठवड्यात दवाखाना बदलत नाही, याचं मोठं कारण खर्चाची धास्ती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर जावं, ऑपरेशनची तारीख ठरल्यावर नव्हे. मंजुरीला लागणारे दिवसही त्याच दोन आठवड्यांतून वजा होतात. कारखान्यात कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा नंबर असेल आणि अपघात कामावर झाला असेल, तर काम बंद असलेल्या काळात रोजच्या सरासरी पगाराच्या नव्वद टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद मालकाने लगेच करायला हवी. ती टाळली जाते, आणि नंतर कामगाराच्या हातात पुरावा राहत नाही. बांधकाम कामगारांची सरकारच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी वर्षात नव्वद दिवस काम केलेल्याला करता येते. माझ्याकडे येणाऱ्यांत नोंदणी असलेले फार थोडे असतात, आणि असलेल्यांतल्या काहींचं नूतनीकरण राहिलेलं असतं. क्रेडाईसारख्या बिल्डरांच्या संघटनांनी आणि ठेकेदारांनी साइटवरच हे फॉर्म भरून घेतले तर किती घरं वाचतील.

त्या अक्कलकोटच्या पोराच्या ठेकेदाराने काही जगावेगळं केलं नाही. त्याने गाडी काढली, जवळच्या पट्टीवाल्याकडे न जाता शहरात आणलं आणि दोन दिवस तिथे थांबला. प्रत्येक मुकादमाने एवढं करावं, ही अपेक्षा जास्त आहे असं मला वाटत नाही. आपल्या भागातल्या जनरल प्रॅक्टिशनर मंडळींनाही विनंती आहे. उंचावरून पडलेला पेशंट आला तर एकदा तळवा उलटा करून बघा, डाग दिसला तर टाचेचा एक्स-रे आणि सीटी लिहून द्या आणि त्याच दिवशी पुढे पाठवा. प्लास्टर घालायचं असेल तर तेही सीटी पाहून ठरू दे. पट्टी बांधणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांच्याकडे माणसं विश्वासाने जातात. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच ऐकावं. पडलेल्या माणसाची सुजलेली टाच चोळू नका, त्याला शहराची गाडी दाखवा.

संपादक महोदय, पत्र लांबलं याची मला कल्पना आहे. छापताना कापावं लागलं तर माझ्या पेशंटच्या गोष्टी कापा. तळव्यावरचा डाग, टाचेच्या मागची ताणलेली कातडी आणि दोन आठवड्यांची मुदत, हा भाग मात्र ठेवावा. आणि जमलं तर हे शहर आवृत्तीपुरतं न ठेवता बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या पानांवरही घ्यावं. उशिरा येणारे बहुतेक जण तिकडून येतात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
पूर्व भाग, सोलापूर

(पेशंटची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)